बाईंना कळत नाही

पहिलीच्या बाईंना मुलांची भाषा येत नसे. म्हणजे खरं तर अस्खलित येत असे. त्या त्याच शहरात, त्याच भाषेत वाढल्या होत्या. आईशी त्याच भाषेत वाद घालत होत्या आणि भाजीवाल्याशी त्याच भाषेत घासाघीस करत होत्या. पण शाळेच्या फाटकातून आत पाऊल पडलं की त्यांना ती येईनाशी व्हायची. शाळेतल्या सगळ्याच शिक्षकांचं तसं व्हायचं, कारण शाळेचा नियमच तसा होता.

ही शाळा एका भाषेसाठी काढलेली होती. मुलांच्या पणजोबांच्या पिढीत ती घराघरांत बोलली जायची. मग दोन पिढ्यांत ती अशी आटली, की म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी तिच्यातल्या चार शिव्या आणि एक अंगाई तेवढी उरली. एकोणीस वर्षांपूर्वी मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, अकरा मुलं जमवून शाळा सुरू केली. गणित, चित्रं, मधली सुट्टी, भांडणं, सगळं त्या भाषेत. आणि सहा वर्षांच्या मुलाने नवी भाषा तोंडातून काढावी यासाठी मोठ्या बाईंना एकच इलाज माहीत होता: समोरच्या माणसाला दुसरी कुठली भाषा कळतच नाही, अशी मुलाची खात्री पटली पाहिजे. तहान लागलीय, बाईंना तर कळत नाही, मग पाण्यासाठीचा शब्द शोधण्यावाचून सुटका नाही.

हे सोंग पालकांपुढेही वठवलं जायचं, कारण पालकांच्या तोंडून घरी निसटतं असा मोठ्या बाईंचा अनुभव होता. पालकसभेत पहिलीच्या बाई शाळेच्या भाषेत बोलायच्या आणि मोठ्या बाई शेजारी उभ्या राहून दुभाष्याचं काम करायच्या. तिसरीच्या शेवटच्या दिवशी मात्र सगळे शिक्षक वर्गात येऊन मुलांशी त्यांच्या घरच्या भाषेत बोलत. मुलं आधी किंचाळत, मग रुसत, आणि मग हे गुपित लहान भावंडांपासून जिवापाड जपत. पहिलीच्या बाई या कामात सहा वर्षं मुरल्या होत्या. एकदा बाजारात वर्गातली एक मुलगी अचानक समोर आली, तेव्हा त्यांनी नेहमीच्या भाजीवाल्याकडून नुसती बोटं दाखवून बटाटे घेतले होते. भाजीवाला पुढे आठवडाभर त्यांच्या तब्येतीची चौकशी करत होता.

साथ आली आणि शाळेला कुलूप लागलं. नवं वर्ष पडद्यावरच सुरू झालं. रोज साडेअकरा ते सव्वाबारा, सतरा मुलं, सतरा चौकोन. एरवी मुलांच्या कानांवर दिवसाला पाच तास भाषा पडायची. आता पाऊण तास, आणि त्यातली दहा मिनिटं 'ऐकू येतंय का' यात जायची. बाईंनी एक वही केली. मूल न विचारता, आपणहून शाळेच्या भाषेतला शब्द बोललं की त्याच्या नावापुढे एक रेघ. आपण काय गमावतोय ते निदान मोजून तरी ठेवावं, एवढाच त्यांचा हेतू होता. मुलांनी केव्हाही बोलावं म्हणून त्या कुणाचाही माइक बंद करायला लावत नसत.

पहिल्याच महिन्यात नियमाची कसोटी लागली. बाईंची आई त्यांच्याकडेच राहायची. तिला ऐकायला कमी येत असल्याने ती घरातल्या घरात हाकाटी केल्यासारखी बोलायची. बाईंनी दाराला 'तास चालू' अशी पाटी लावली होती, पण गॅलरीतून पाटी दिसत नाही.

"अगं, मी कपडे वाळत घालतेय. गॅसवर दूध आहे, बघ जरा," आई ओरडली.

सतरा चेहरे एकदम वर झाले. बाईंच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. त्या त्रिकोणाच्या तीन बाजूंविषयी बोलत राहिल्या.

"ऐकतेस ना? दूध!"

मुलांमध्ये घरच्या भाषेत खलबत सुरू झालं. ती आजी आपल्यातली आहे, असं एकीचं म्हणणं पडलं. मग ती बाईंच्या घरात कशी, असं दुसऱ्याने विचारलं. शेजारची असेल, असा निकाल झाला. पण बाईंना तर कळत नाही, कुणीतरी सांगा की. शेवटी एकाने हात वर केला आणि शाळेच्या भाषेत म्हणाला, "बाई. दूध." तेवढ्यावर त्याची गाडी अडली. दुसरी म्हणाली, "दूध वर." तिसरा म्हणाला, "दूध वर, दूध बाहेर, खाली आग." मग सगळेच बोलायला लागले. बाईंनी भुवया उंचावून, "दूध? कुठे?" असं विचारलं, तेव्हा सतरा बोटं त्यांच्या मागच्या भिंतीकडे रोखली गेली. मग कुठे त्यांना उठता आलं.

अर्धं दूध शेगडीवर होतं. ते पुसताना बाई इतक्या खुशीत होत्या की आईला राहवलं नाही. "बहिरी मी आहे की तू?" तिने विचारलं. त्या दिवशी वहीत सर्वांत जास्त रेघा पडल्या.

पण नियमाचा दुसरा परिणाम बाईंच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. बाईंना कळत नाही, ही मुलांइतकीच घरच्या मोठ्या माणसांचीही पक्की समजूत होती. त्यामुळे पडद्यामागे सतरा घरं अगदी मोकळेपणाने चालू होती. कुणाची नोकरी गेली, कुणाच्या दिराने किती दिवसांत आंघोळ केली नाही, कुणाचं कुणाशी पटत नाही, हे सगळं त्रिकोण आणि चौकोनांच्या मधून बाईंच्या कानांवर येत होतं. त्या मूग गिळून बसायच्या. तास संपला की ऐकलेलं तिथेच सोडायचं, अशी त्यांनी स्वतःला शिस्त लावून घेतली होती.

सगळ्यांत मोकळे होते मुंगीचे आजोबा.

मुंगी वर्गातली सगळ्यात लहानखुरी मुलगी. साखरेचा डबा कुठेही लपवला तरी हिला तो सापडतो, म्हणून आजोबांनी तिचं नाव मुंगी पाडलं होतं आणि वर्गातही तेच चालायचं. घरात ती, तिची आई आणि आईचे वडील म्हणजे हे आजोबा, असे तिघंच. वडील ती चार वर्षांची असताना दवाखान्यात वारले होते. आई नर्स होती. साथ सुरू झाल्यावर आजार घरी यायला नको म्हणून ती दवाखान्याच्याच वसतिगृहात राहायला गेली होती आणि संध्याकाळी पडद्यावरून भेटायची. मुंगीच्या तासाला सोबत म्हणून आजोबा मागे खुर्ची टाकून बसायचे.

आजोबांनी चौतीस वर्षं शहरातली बस चालवली होती. चौतीस वर्षं ते काचेआडून समोरच्या गाड्यांना मनात येईल ते बोलत आले होते, कारण समोरच्याला ऐकू जात नाही. लॅपटॉपचा पडदा त्यांच्या लेखी तशीच एक काच होती.

"आल्या बघ तुझ्या बाई. खांबासारख्या ताठ," ते म्हणायचे. किंवा, "आज पण तोच निळा स्वेटर. बिचारीकडे एकच आहे वाटतं."

त्याच्या दुसऱ्या दिवशी बाई नकळत हिरवा स्वेटर घालून बसल्या. "घ्या, ऐकलं वाटतं हिने," आजोबा म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर खो-खो हसले. पुढचे पंधरा दिवस त्यांनी निळ्याला सुट्टी दिली नाही.

तास संपला की चौकोन एकेक करून मिटायचे. मुंगीचा तेवढा उरायचा. सुरुवातीला बाईंना वाटलं, तिला बटण सापडत नसेल. मग एक दिवस, आजोबा आत गेल्यावर, मुंगी पडद्याजवळ तोंड आणून घरच्या भाषेत म्हणाली, "बाई, तुम्हाला काहीच कळत नाही ना?"

बाईंनी नेहमीचं कोरं हसू हसून दाखवलं.

"बरं झालं," मुंगी म्हणाली, आणि तिने सांगितलं की काचेची बरणी मांजराने नाही, तिने फोडली.

नियमाप्रमाणे बाईंनी तिला तिथेच थांबवून शाळेच्या भाषेत बोलायला लावायला हवं होतं. त्यांनी थांबवलं नाही. का, हे त्यांनी स्वतःला बऱ्याचदा विचारलं. एवढंच उत्तर मिळालं, की असं कुणी त्यांच्याशी कधी बोललं नव्हतं. मग रोजचंच झालं ते. गाजर खिडकीतून टाकते. आजोबा घोरतात तेव्हा त्यांच्या नाकाला पीस लावून बघते. आईच्या कपाटात बसून आईचा वास घेते. चार-पाच मिनिटं बोलून झाली की मुंगी टाटा करायची. वहीत मात्र तिच्या नावापुढच्या रेघा उतरत होत्या. पहिल्या महिन्यात एकतीस, दुसऱ्यात बारा, तिसऱ्यात चार. चौथ्या महिन्यात पहिला आठवडा संपला तरी एकही नव्हती.

त्याच आठवड्यात एका सकाळी आजोबा खुर्चीत नव्हते. ते मागे स्वयंपाकघराच्या दारात फोन कानाला लावून उभे होते. मुंगीच्या कानांवर हेडफोन होते, तिला ऐकू येणार नव्हतं, आणि बाईंना कळणार नव्हतं.

"कालपासून? किती लिटर ऑक्सिजन म्हणालात?" आजोबा विचारत होते. "नाही, पोरीला काही सांगितलेलं नाही. डबल ड्यूटी आहे आणि फोन बिघडलाय म्हणून सांगितलंय... हो, हो. बघू म्हणाले ना डॉक्टर. बघू."

बाई वर्तुळ काढत होत्या. त्यांची नजर मुंगीच्या चौकोनावर गेली. मुंगीचा उजवा हेडफोन कानावर नव्हता. तो कानामागे सरकवलेला होता, आणि मुंगी इतकी स्थिर बसली होती की क्षणभर बाईंना वाटलं, तिचं इंटरनेट अडकलं.

तास संपल्यावर बाकीचे गेले. मुंगीने मागे वळून पाहिलं आणि पडद्याजवळ आली.

"आईला ताप आहे. नाकात ऑक्सिजन लावलाय. आजोबांना वाटतं मला माहीत नाही. मी त्यांना सांगणार नाही. ते रडतात मग."

बाईंनी दोन्ही हात टेबलाखाली एकमेकांत घट्ट धरले. चेहरा सहा वर्षं तयार केलेला होता, तो जागचा हलला नाही. मुंगी टाटा करून गेली. त्यानंतर बाई किती तरी वेळ काळ्या पडद्यात दिसणारं स्वतःचं तोंड बघत बसल्या.

त्यांना सुचला तो शिक्षिकेलाच सुचावा असा उपाय होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी हातात मोजा घातला, त्याला दोन बटणांचे डोळे शिवलेले होते. मोज्याला ताप आला होता. मोज्याला भीती वाटत होती. मोजा आईची वाट पाहत होता. ताप, भीती, वाट, आठवण: शाळेच्या भाषेतले हे शब्द खरं तर दुसरीच्या पुस्तकातले, पण मुंगीच्या हाती ते पडले तर ती त्या शब्दांत सांगू शकेल, आणि मग बाईंना ते कळायला मोकळीक मिळेल. वर्गाला मोजा बेहद्द आवडला. एकाला कुत्र्याची भीती वाटत होती, एकीला भावाच्या गाण्याची. तीन दिवस हा धडा चालला. मुंगी हाताची घडी घालून बघत होती.

तिसऱ्या दिवशी सगळे गेल्यावर ती म्हणाली, "बाई, तो मोजा खोटारडा आहे. मोज्याला ताप येत नाही. माझ्या आईला खरा आलाय." मग जरा थांबून तिने समजावून सांगितलं, अगदी मोठ्या माणसासारखं. "बाबांच्या वेळी आधी कुणाला काही माहीत नव्हतं, तेव्हा ते बरे होते. मग सगळे कुजबुजायला लागले. शेजारच्या काकूंना कळलं, आत्याला कळलं, सगळ्यांना कळलं. मग बाबा गेले. म्हणून मी कुणालाच सांगत नाही. तुम्हाला सांगितलेलं चालतं. तुम्हाला कळत नाही."

दुपारी बाईंनी मोठ्या बाईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं. मोठ्या बाईंनी ऐकून घेतलं. शेवटी त्यांनी विचारलं, "मग आता तुम्ही तिला सांगणार, की तुम्हाला कळतं?"

"तिचा हिशोब असा आहे की कळलं की माणूस मरतं," बाई म्हणाल्या. "मी तोंड उघडलं की तिच्या लेखी मी तिच्या आईला मारलं."

"आणि नाही उघडलं तर?"

"तर सहा वर्षांची पोर हे सगळं एकटीने वाहणार."

मोठ्या बाईंनी आजोबांशी बोलायचं सुचवलं. नियम त्या स्वतः मोडायला तयार होत्या, म्हणाल्या, मी फोन करते, तुम्ही मागे राहा. पण बाईंना ते पटेना. मुंगीने जे सांगितलं ते तिने भरवशाने सांगितलं होतं, मग तो भरवसा चुकीच्या समजुतीवर का उभा असेना. तो फोडायचा नाही. सांगायचं ते फक्त स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. म्हणजे फोन त्यांनीच करायला हवा होता.

त्यांनी संध्याकाळी पाच वाजता केला.

"मी शाळेतून बोलतेय. पहिलीच्या बाई."

पलीकडे आजोबा होते. "कुठल्या पहिलीच्या?"

"मुंगीच्या वर्गाच्या, आजोबा."

"त्यांना आपली भाषा येत नाही."

"येते," बाई म्हणाल्या.

आजोबा मनातल्या मनात चार महिने मागे जाऊन, थांब्याथांब्यावर थांबत, आपण काय काय बोललो ते गोळा करत असावेत.

"स्वेटर?" त्यांनी विचारलं.

"हो."

"खांब?"

"तेही."

"अरे देवा," आजोबा म्हणाले. पण ओशाळलेपण फार टिकलं नाही. आवाज चढला. चार महिने तुम्ही आमचं घर ऐकत बसलात, ते म्हणाले. माणसाच्या घरात काय काय चाललंय, लेक कुठल्या अवस्थेत आहे, आणि तुम्ही तिकडे गोल काढताय. ही कसली शाळा? त्यांनी हेही सांगितलं, की कुठल्या पणजोबांची भाषा शिकवता म्हणून पोरीला पाठवली, चोरून ऐकायला नाही.

बाईंनी स्वतःचं समर्थन केलं नाही. शाळेचा नियम काय आणि कशासाठी, एवढं सांगितलं. घरातलं बोलणं ऐकू येतंय हे आपण पहिल्याच दिवशी कळवायला हवं होतं, हेही मान्य केलं. मग म्हणाल्या, "आजोबा, मी एकच गोष्ट सांगायला फोन केलाय, आणि ती मी कॅमेऱ्यात पाहिलीय. तुम्ही स्वयंपाकघरात फोनवर बोलता तेव्हा मुंगीचा उजवा हेडफोन कानावर नसतो. कानामागे असतो. गेल्या तीन-चार दिवसांत, तुम्ही बोललात तितक्या वेळा."

मग फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी मुंगीचा चौकोन नव्हता. तिसऱ्या दिवशीही नव्हता. बाईंनी सोळा मुलांना वाराची नावं शिकवली आणि सतराव्याच्या जागेकडे पाहायचं टाळलं. शाळेतून काढलं तर काढलं, त्या स्वतःला बजावत होत्या. पण मुंगी आता कुणाला सांगत असेल, या विचाराने जेवण गोड लागत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी आजोबांचाच फोन आला. नमस्कार वगैरे काही नाही.

"काय सांगू तिला?" ते म्हणाले. "दोन दिवस शब्द जुळवतोय. मला स्वतःलाच काही माहीत नाही. डॉक्टरांना विचारलं की म्हणतात, बघू."

"मग तेवढंच सांगा. की डॉक्टर बघू म्हणतात, आणि याहून जास्त तुम्हालाही माहीत नाही."

"एवढंसं?"

"ती याहून वाईट कल्पना करत असेल, आजोबा. मुलं करतात."

आजोबांनी विचारलं, "आणि रडायला आलं तर?"

"तिला?"

"मला. ती कुठे रडते," आजोबा म्हणाले, आणि नाक ओढल्याचा आवाज आला. मग त्यांनी विचारलं, की तुम्हाला कुणी सांगितलं म्हणून मुंगीने विचारलं तर काय सांगायचं. बाईंनी याचा विचार आधीच करून ठेवला होता. उद्या तिला तासाला बसवा, त्या म्हणाल्या. तुम्ही नेहमीसारखे आत जाऊन फोनवर बोला आणि मध्येच बाहेर येऊन तिच्या कानाकडे बघा. मग ते तुम्ही स्वतःच पाहिलेलं असेल, तुम्हाला खोटं बोलावं लागणार नाही.

"तुम्ही फार पाताळयंत्री आहात, बाई," आजोबा म्हणाले. त्यात राग नव्हता.

दुसऱ्या दिवशी मुंगी आली. कुणी काही विचारलं नाही, मुलं अशा वेळी शहाणी असतात किंवा त्यांच्या लक्षातच येत नाही. बाई दिवसाचे भाग शिकवत होत्या: सकाळ, दुपार, संध्याकाळ. अकरा पन्नासला आजोबा फोन घेऊन आत गेले. मुंगीचा हात अलगद उजव्या कानाकडे गेला.

आजोबा बाहेर आले. तिच्या मागे उभे राहिले, वाकले आणि तिच्या कानामागचा हेडफोन त्यांनी दोन बोटांनी उचलून धरला. मुंगी वळली. आजोबांनी लॅपटॉपकडे बोट दाखवून काहीतरी म्हटलं, मुंगीने एक बटण दाबलं आणि तिच्या चौकोनातल्या माइकवर लाल रेघ आली.

त्यानंतर काय बोलणं झालं ते बाईंना खरोखरच कळलं नाही. आजोबा जमिनीवर बसले, त्यामुळे कॅमेऱ्यात त्यांचं फक्त टक्कल दिसत होतं. ते हलत होतं. मुंगी खुर्चीवरून खाली बघत होती. मग ती खाली उतरली आणि चौकोनात नुसती रिकामी खुर्ची आणि भिंत उरली. "संध्याकाळनंतर काय?" बाईंनी वर्गाला विचारलं, आणि वर्ग एका सुरात म्हणाला, रात्र. थोड्या वेळाने खुर्चीच्या बाजूने एक लहान हात वर आला आणि टेबलावरचा पाण्याचा पेला घेऊन परत खाली गेला. पेला कुणासाठी होता ते दिसलं नाही.

बारा वाजून पाच मिनिटांनी तो चौकोन मिटला.

पुढचे दोन दिवस मुंगी तासाला बसली, पण तास संपताच जायची. बाईंनी काही विचारलं नाही. विचारायला त्यांच्यापाशी भाषाच नव्हती. तिसऱ्या दिवशी मात्र ती थांबली. आजोबा मागे खुर्चीत होते, इस्त्रीचा शर्ट घालून, हात मांडीवर ठेवून, पहिल्या दिवशी शाळेत आलेल्या मुलासारखे. फोननंतर ते तासाला अवाक्षरही काढत नव्हते. मुंगीला आज त्यांच्या तिथे असण्याची फिकीर नव्हती. तिने पडद्याजवळ तोंड आणलं नाही. ती ताठ बसली, एक बोट वर केलं आणि शाळेच्या भाषेत बोलायला लागली.

"आई फोन," ती म्हणाली. "काल. आई बोलते. थोडं." तिने नाकाखाली बोटाने आडवी रेघ ओढून दाखवली. बाईंनी तिला नळीसाठीचा शब्द दिला. तो तिने दोनदा घोळवून घेतला. "नाकात नळी. आई म्हणते, वेणी कोण? मी म्हणते, आजोबा. आई म्हणते, वाकडी. आई हसते. मग खोकते. मग हसते."

तिने दम घेतला. आणखी काहीतरी उरलं होतं, त्यासाठी ती छताकडे बघून शब्द हुडकत होती. "आजोबा रडतात. जमिनीवर. मी पाणी देते. आजोबांना भीती वाटते. मला पण भीती वाटते. दोघांना." मग तिने बाईंच्या डोळ्यांत पाहिलं. "बाई, हे कळलं?"

"कळलं," बाई म्हणाल्या. "सगळं कळलं."

मुंगीने मान डोलावली, जणू एक काम हातावेगळं झालं. मग ती खुर्चीवरून उडी मारून उतरली. साडेबाराला आईचा फोन यायचा होता, तो घ्यायला ती दुसऱ्या खोलीत पळाली.

आजोबा लॅपटॉप बंद करायला पुढे आले. बटण शोधता शोधता त्यांचा चेहरा सगळ्या चौकोनभर झाला. त्यांनी दाराकडे एकदा पाहून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"काय म्हणाली हो ती?" त्यांनी विचारलं. "माझं नाव घेतलं तीनदा. मला त्यातलं काही कळत नाही."

बाईंनी क्षणभर विचार केला. "तुम्ही घातलेली वेणी वाकडी होती, असं आई म्हणाली म्हणे," त्या म्हणाल्या. बाकीचं त्यांनी स्वतःपाशी ठेवलं.

"वाकडी? चांगली सरळ होती." आजोबांनी मुंगीची छोटी खुर्ची ओढली आणि तिच्यावर कसेबसे टेकले. "माझ्या लेकीला खोड काढायची सवय पहिल्यापासून आहे, बाई. सात वर्षांची असताना मी तिला एकदा बसमध्ये माझ्या मागच्या सीटवर बसवून नेली, तर पोरगी अख्ख्या बसदेखत मला सांगते, बाबा, ब्रेक हळू दाबा, लोक पडतात. तुम्हाला वेळ आहे ना?"

बाईंचा पुढचा तास दुसरीच्या मुलांना वाचून दाखवण्याचा होता, पण त्याला अजून वीस मिनिटं होती. त्यांनी आपली खुर्ची पुढे ओढली. आहे, त्या म्हणाल्या, मग काय केलंत तुम्ही?